पहिल्या साडेतीन मिनिटांचा आवाज

गाडी विकायचं ठरलं तेव्हा चंद्रप्रभाबाई घरातच होत्या. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यात एक दार, दाराला पडदा. पण पडद्यापलीकडे बसलेल्या यजमानांना आणि थोरल्या दिरांना बाईंना हाक मारावी असं काही वाटलं नाही. चहाचा दुसरा कप संपेपर्यंत निकाल लागलासुद्धा. पुढच्या रविवारी सकाळी लातूरहून गिऱ्हाईक येणार, गाडी घेऊन जाणार. मग बाईंनी नांदेडला बदली मागायची आणि निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं जवळच्या एखाद्या शाळेत काढायची.

आता गाडी कुणाची, तर बाईंची. कागदावर नाव त्यांचं, हप्ते त्यांच्या पगारातून गेलेले, आणि अठरा वर्षांत ती चालवली एकट्या त्यांनीच. त्यांचे यजमान राघवेंद्रराव बँकेत आहेत, सज्जन आहेत, पण स्टिअरिंगला आजवर शिवलेले नाहीत. ते डाव्या बाजूला बसतात आणि समोर म्हैस आली की पायाखालचं मॅट दाबतात. थोरले दीर उद्धवराव निलंग्याकडच्या गावी शेती बघतात. घरातली सोयरीक असो, बोअर असो की कुणाची नोकरी, शेवटचा शब्द त्यांचा. माणूस वाईट नाही. अडीअडचणीला रात्री-अपरात्री धावून येईल. मात्र धावून आल्यावर परत जाताना तुमच्या घरातलं काहीतरी ठरवून जाईल, हा त्यांचा स्वभाव.

निमित्त झालं होतं आवाजाचं. गेल्या दिवाळीनंतर गाडी पहाटे चालू केली की पुढून असा खडखडाट उठायचा, की पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवतंय असं वाटावं. साधारण तीन-साडेतीन मिनिटं. मग आपोआप गप्प, ते थेट दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत. नांदेडच्या सिडकोतली ती गल्ली अरुंद, घरं एकमेकांना खेटून. सोमवारी पाच वाजता बाई निघाल्या की चार घरांतले दिवे लागायचे. उद्धवराव मुक्कामाला होते तेव्हा त्यांनी तो आवाज एकदाच ऐकला आणि दात घासता घासता सांगून टाकलं, "इंजिन गेलं हे. जंगलात बंद पडल्यावर कोन येनार हाय?"

बाईंची शाळा किनवटपासून अठरा किलोमीटर आत. निवासी शाळा, मुलं-मुली तिथंच राहणारी, बाई विज्ञान शिकवतात. सोमवारी जायचं, शुक्रवारी संध्याकाळी यायचं. रेल्वे आहे, पण ती किनवटला सोडते, आणि तिथून शाळेकडे जाणारी बस एकच, ती दुपारची. म्हणजे गाडी गेली की शाळा गेली, इतका सरळ हिशेब होता.

लोकांना वाटायचं, बाई मुलांसाठी एवढा त्रास काढतात. बाईही तसंच वाटू द्यायच्या. खरं सांगायचं तर मुलांवर त्यांचा जीव होताच, पण त्याहून जास्त त्या रस्त्यावर होता. भोकर मागे पडलं, हिमायतनगरचा फाटा गेला, इस्लापूरनंतर दोन्ही बाजूंना सागाची झाडं सुरू झाली की त्या मोठ्यानं गाणं म्हणायच्या. सुरात नाही, पण मोठ्यानं. तीन तास त्यांना कुणी वहिनी म्हणत नसे, आई म्हणत नसे, मॅडमही म्हणत नसे. छप्पन वर्षांच्या आयुष्यात असे तीन तास त्यांना दुसरीकडे कुठे मिळालेच नव्हते, आणि आता तेच हातचे जाणार होते.

तशा त्या हातावर हात धरून बसल्या नव्हत्या. शहरातल्या एका चकचकीत गॅरेजला गाडी दाखवून आल्या होत्या. तिथं पोचेपर्यंत इंजिन तापलेलं, आवाजाचा पत्ता नाही. तिथल्या पोरसवदा साहेबानं गाडीला वायर लावली, लॅपटॉपमध्ये बघितलं, त्यात काही निघालं नाही, तरी इंजिन खोलावं लागेल म्हणाला. का, ते बाईंनी विचारलं. तर म्हणतो, "मॅडम, तुम्ही सरांना पाठवा ना. त्यांना समजावून सांगतो."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्या सरांना डिकी कुठून उघडते ते ठाऊक नाही, त्यांना हा समजावून सांगणार! त्या गाडी घेऊन तडक घरी आल्या आणि एक कोरी वही काढली.

वहीत त्यांनी शाळेत मुलांना शिकवतात तसे रकाने आखले. तारीख, पोर्चमधलं तापमान, आवाज थांबायला लागलेला वेळ. किनवटला शाळेच्या आवारात सकाळी, नांदेडला शनिवार-रविवारी. सोळा अंश असताना दीड मिनिट. बारा असताना पावणेतीन. नऊ असताना साडेतीन. थंडी वाढली की आवाज लांबतो, हे महिनाभरात दिसलं. पण गेल्या हिवाळ्यातही पारा नऊवर गेला होता आणि तेव्हा गाडी मांजरासारखी गप्प होती. म्हणजे दोष एकट्या थंडीचा नाही. मध्यंतरी काहीतरी बदललं होतं. काय, ते मात्र वहीत नव्हतं, आणि विकायच्या निर्णयाला तोवर पाच दिवस होऊन शुक्रवार उजाडला होता.

त्या शुक्रवारी किनवटहून येताना बाई आधी घरी गेल्या नाहीत. लातूर फाट्याजवळ रेवणप्पाचं गॅरेज आहे. वर पत्रा, खाली तेलानं काळी झालेली जमीन, आणि साठीचा, मूळ उदगीरकडचा रेवणप्पा. ऑगस्टमध्ये गाडीचं ऑइल त्यानंच बदललं होतं. बाईंनी गाडी आत घातली आणि चावी त्याच्या हातात दिली.

"रेवणप्पा, गाडी आज इथंच ठेवते. उद्या सकाळी सहाला येते. मी येईपर्यंत चावी फिरवायची नाही. ढकलून जागा बदलायची तर बदला, चालू करायची नाही."

"बाई, मी चाळीस वर्षांपासून हेच करून राहिलो," रेवणप्पा हसला. "आत्ता लावा की. ऐकतो."

"आत्ता वाजणारच नाही. सव्वाशे किलोमीटर पळून आलीय ती."

रेवणप्पानं चावी खिळ्याला अडकवली. मग म्हणाला, "हाव, हे बरोब्बर हाय. लोकं गरम गाडी घेऊन येतात आन म्हनतात, थंडीतला आवाज काढा. रातभर गाडी ठेवायला कोनी तयार न्हाई. या सकाळी."

शनिवारी सकाळी सहाला विष्णुपुरी धरणाकडून धुकं आलेलं, रस्त्यावरच्या रिक्षांचे नुसते दिवे दिसत होते. रेवणप्पानं कानटोपी घातली होती, बाईंनी साडीवर राघवेंद्ररावांचा स्वेटर. बाईंनी बॉनेटला हात लावला. गार. रेवणप्पानं आधी गेज ओढून ऑइल बघितलं. पातळी ठीक, रंगही फार काळा नाही. तो पट्टी पुसणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा." आणि त्याच्या जेवणाच्या डब्याचं झाकण मागून घेऊन त्यावर तो थेंब टिपून ठेवला. नमुना आधी घ्यायचा, ही शाळेतली सवय. रेवणप्पानं झाकणाकडे जरा दुःखानं बघितलं.

मग चावी फिरवली आणि तो खडखडाट उठला. फाट्यावर चहा पीत उभे असलेले दोघे वळून बघायला लागले. रेवणप्पाचा मात्र चेहरा खुलला. त्यानं हातभर लांबीचा पेचकस घेतला, मूठ कानाला लावली आणि टोक इंजिनाच्या खालच्या अंगाला टेकवलं. डोळे मिटून ऐकलं. मग थोडं वर, आणखी वर. मग पेचकस बाईंच्या हातात दिला.

"ऐका. आधी खाली, मंग वर."

बाईंनी मूठ कानाला लावली. खाली नुसती जड घरघर, एकसारखी. वर टोक नेल्याबरोबर कानात टक-टक-टक असं थेट कवटीवर वाजायला लागलं. त्यांनी दचकून पेचकस काढला, मग पुन्हा लावला आणि आवाज थांबेपर्यंत काढला नाही. घड्याळात तीन मिनिटं वीस सेकंद.

"वरून येतोय," त्या म्हणाल्या.

"मंग! पिस्टन न्हाई, रॉड न्हाई. खालचं सगळं सलामत हाय. झडपा उघडतात ना, त्यांचे टॅपेट वाजून राहिलेत. ह्या गाडीचे टॅपेट ऑइलच्या दाबावर भरतात. ऑइल वर पोचलं की गप बसतात."

"मग ऑइल पोचायला साडेतीन मिनिटं का लागतात?"

"पंप कमजोर असंल. खोलून बघावं लागंल."

खोलणं हा शब्द बाईंनी या दोन महिन्यांत पुष्कळ ऐकला होता. त्या झाकणावरच्या थेंबाकडे गेल्या. बोट लावलं, अंगठ्यानं चोळून पाहिलं. मग विचारलं, "ऑगस्टमध्ये तुम्ही जे भरलं, त्यातलं आहे का थोडं?" रेवणप्पानं फळीवरून डबा काढला. बाईंनी त्यातला एक थेंब पहिल्याच्या शेजारी टाकला आणि तो थंडीनं पहिल्याइतकाच गार होईपर्यंत दोघांनी चहा घेतला. मग त्यांनी झाकण हळूहळू तिरकं केलं.

नव्या डब्यातला थेंब सरसर खाली आला आणि काठावर जाऊन थांबला. गाडीतला थेंब काकवीसारखा बसल्या जागी फुगला, बोटभर सरकला आणि विचार करत राहिला.

"हे माझं ऑइल न्हाई," रेवणप्पा एकदम म्हणाला. त्याच्या कपाळावरची शीर उठली. "बाई, इमानानं सांगतो, हे मी टाकलं न्हाई." त्यानं थेंब चोळला, वास घेतला. "हे जाड हाय. ट्रॅक्टरमंदी टाकतात तसलं. कोनी हात घातला गाडीत?"

बाईंच्या माहितीत ट्रॅक्टर एकच होता. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला.

"अहो, गाडीचं ऑइल कुणी बदललं?"

"दादानं," राघवेंद्रराव झोपेतच बोलले. "दिवाळीत, गावी. तू अनारसे तळत होतीस. ट्रॅक्टरचा डबा शिल्लक होता, म्हणाला घरच्या घरी करून टाकू. तुला बोललो नव्हतो का?"

"नाही."

"मग राहिलं असेल. त्यात काय एवढं?"

बाईंनी फोन ठेवला. दोन महिने त्या पहाटे उठून तापमानं लिहीत होत्या. उत्तर त्यांच्याच घरात, शेजारच्या खाटेवर घोरत होतं. गाडी त्यांची, दुरुस्ती त्यांच्या माघारी, आणि त्या दुरुस्तीनं आवाज आला म्हणून गाडी विकायचा निर्णयही त्यांच्या माघारी. त्यांना रडू येत होतं. रेवणप्पासमोर रडायचं नव्हतं, म्हणून त्या त्याच्यावरच ओरडल्या, "बघता काय? काढा ते सगळं!"

रेवणप्पानं सगळं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, बरोबरचं ऑइल भरलं. दुपार झाली. गाडी चालू करून पाहिली, छान चालली, पण आता ती तापली होती आणि तापल्यावर ती आधीही छानच चालत होती.

"तसल्ली उद्या सकाळी," रेवणप्पा म्हणाला. "दोन महिने कोरडे वाजलेत टॅपेट. झिजले असतील तर उद्या बी वाजतील. खोटं सांगत न्हाई तुमाला."

रविवारी बाई साडेचारलाच जाग्या झाल्या. पोर्चमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. पारा नऊवर. चावी मुठीत होती. एकदा फिरवली की कळणार होतं. पण एकदा फिरवली की इंजिन तापणार आणि मग सगळ्यांसमोर दाखवायला थंड गाडी उरणार नाही. एकदाच होऊ शकणारा प्रयोग आधी करून बघायचा नसतो. बाई पायरीवर बसून राहिल्या.

सातला, अजून धुक्यानं अंधारलेलं असताना, उद्धवरावांची जीप आली आणि फाटकाच्या तोंडाशीच आडवी लागली. सोबत नरसिंग नावाचा जुन्या गाड्यांचा व्यापारी. राघवेंद्रराव शाल पांघरून बाहेर आले.

"चालू करून दाखवा," नरसिंग म्हणाला.

"आधी हात लावा," बाई म्हणाल्या. "गार आहे ना? भावजी, तुम्हीही लावा."

उद्धवरावांनी हसत हात लावला. बाई आत बसल्या. चावी फिरवली.

टक. टक-टक. आणि मग काही नाही. नुसती घरघर, एकसारखी, खालून वरपर्यंत. एक मिनिट गेलं, दोन गेली. समोरच्या घरातला दिवा लागला नाही. साडेतीन मिनिटं होईपर्यंत बाई घड्याळाकडेच बघत होत्या, आणि झाल्यावर त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. इतका आनंद त्यांना पोरगा नोकरीला लागला तेव्हाही झाला नव्हता.

इंजिन चालूच ठेवून त्या खाली उतरल्या. "भावजी, दिवाळीत तुम्ही ट्रॅक्टरचं ऑइल भरलंत. ते जाड होतं, थंडीत वर चढत नव्हतं. आवाज त्याचा होता. इंजिनाला काही झालेलं नाही."

"ऑइल ते ऑइल," उद्धवराव म्हणाले. "आमचा ट्रॅक्टर धा वर्षं त्याच्यावरच चालतोय. म्या चांगल्यासाठी केलं."

"मला विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

नरसिंग बॉनेटमध्ये डोकं घालून ऐकत होता. तो वर आला तो खुशीत. "गाडी झकास हाय! मला वाटलं भंगारात घ्यायची. आत्ताच नेतो मी."

"हे बघ," उद्धवराव भावाकडे वळले, "चांगलंच झालं की मंग. चांगल्या घरी जाईल."

बाईंना क्षणभर कळेचना. "आवाज गेला, भावजी. आता विकायची कशाला?"

"आवाजाचं सोड, चंद्रप्रभा. छप्पन वर्षांची बाई एकटी जंगलातून गाडी हाकत जाती. लोकं मला इचारतात. काय सांगू त्यांना? लई झालं आता." आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "बदलीचा अर्ज लिहून आनलाय. सही कर फक्त."

बाईंनी राघवेंद्ररावांकडे पाहिलं. ते शालीचा काठ नीट करत होते.

त्या वेळी बाईंना सगळं लख्ख दिसलं, आणि रागाआधी स्वतःचंच हसू आलं. दोन महिने त्या पुरावा गोळा करत होत्या. वही, पारा, थेंब, पेचकस. त्यांना वाटत होतं, सिद्ध केलं की सुटलो. इथं कुणी सिद्ध करायला सांगितलंच नव्हतं. आवाज नसता तर टायरचं निमित्त निघालं असतं, टायर चांगले असते तर डोळ्यांचं. डोळे शाबूत निघाले असते तर लोक होतेच.

"लोकांना सांगा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पार कोपऱ्यावरच्या दुधवाल्यापर्यंत गेला, "की तिला आवडतं. सांगा, ती गाडी चालवते, एकटी जाते, रस्त्यानं गाणी म्हणते आणि तिला ते फार आवडतं. मुलांसाठी नाही, पगारासाठी नाही. स्वतःसाठी जाते. दोन वर्षं आहेत अजून, आणि त्यातला एक सोमवार मी कुणाला देणार नाही. निवृत्त झाल्यावरही जाईन. काम नसलं तरी जाईन, सागाची झाडं बघून परत येईन. तो कागद तुमच्याजवळच ठेवा, मी सही करत नाही. आणि नरसिंगभाऊ, तुम्हाला थंडीत उगाच यावं लागलं. चहा घेऊन जा. गाडी विकायची नाही, आणि ज्यांनी विकायची म्हणून सांगितलं त्यांची ती नव्हे."

नरसिंगनं बॉनेट अलगद लावलं. व्यापारी माणूस, वारा कुठला ते त्याला लगेच कळतं.

बाई आत गेल्या आणि सोमवारसाठी भरून ठेवलेली पिशवी घेऊन आल्या. मागच्या सीटवर टाकली.

"अगं, आज रविवार आहे," राघवेंद्रराव म्हणाले.

"माहीत आहे मला."

"मग कुठं निघालीस?"

"किनवटला. पिठलं करून ठेवलंय, भात तुम्ही लावा." त्या गाडीत बसल्या, पट्टा लावला, काच खाली केली. मागच्या आरशात फाटकात आडवी उभी जीप दिसत होती. "भावजी, जीप काढा. मला निघायचंय."

चाळीस वर्षांत या घरात उद्धवरावांना कुणी असं सांगितलं नव्हतं. त्यांनी भावाकडे पाहिलं. राघवेंद्ररावांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"दादा, मी काढली असती," ते म्हणाले, "पण मला चालवता येत नाही."

बाईंनी हॉर्न वाजवला. लांबलचक. गल्लीतले सगळे दिवे लागले. उद्धवरावांनी अर्ज खिशात घातला आणि ते पायरीखाली चपला शोधायला लागले.